आता बारी कुणाची?

२६ ऑगस्ट २०२४, सोमवार, गोकुळाष्टमीचा दिवस. मालवणच्या राजकोट किल्ल्यातला शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा भर दुपारी कोसळला. नौदल दिनाच्या निमित्ताने ४ डिसेंबर २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं होतं. नऊ महिनेसुद्धा पुरे झाले नव्हते. त्या संध्याकाळी मी बाजारात होते. घरात कुणी गेल्यावर बोलावं तसं माणसं हळू आवाजात बोलत होती, आणि जिथे तिथे एकच प्रश्न होता, "लोखंड खयचा वापरलेल्यानी?"

किनाऱ्यावर राहणाऱ्याला हाच प्रश्न आधी सुचतो. खारं वारं काय करतं ते आम्ही रोज बघतो. खिडकीचे गज दोन पावसाळ्यांत फुगतात, रंगाचे पोपडे सुटतात, गेटची कडी एक दिवस हातात येते. होडीच्या इंजिनाला तेल चोळायला विसरलं की नट फिरत नाही. पुढे बातमी आली की, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मालवणच्या अभियंत्याने २० ऑगस्टलाच नौदलाला पत्र पाठवलं होतं आणि पुतळ्याच्या नटबोल्टना गंज चढत असल्याचं त्यात लिहिलं होतं. म्हणजे बाजारातल्या माणसांचा प्रश्न बरोबर होता. त्या पत्राचं काय झालं? किनाऱ्यावर असं काम करताना धातू कोणता निवडायचा हे कुणी ठरवलं? देखभाल कुणाकडे होती? एवढं जरी टीव्हीवर कुणी शांतपणे विचारत बसलं असतं, तर अख्ख्या कोकणाने ते ऐकलं असतं.

पण २८ तारखेला दोन पक्षांचे नेते आणि कार्यकर्ते किल्ल्यातच समोरासमोर आले, दगडफेक झाली, आणि सगळे कॅमेरे तिकडे वळले. त्या क्षणापासून नटबोल्ट पडद्यावरून गेले ते गेलेच. रात्री स्टुडिओत चार चौकटी, चार प्रवक्ते आणि खाली धावणारी लाल पट्टी. महाराजांचा अपमान कुणी केला, यावर तासभर आरडाओरडा. एका वाहिनीवर एक बाजू गुन्हेगार, दुसरीवर दुसरी. रिमोटचं बटण दाबलं की आरोपी बदलत होता.

पुतळा पडल्यावर बारा दिवसांनी, ७ सप्टेंबरला चतुर्थी होती. आमच्या घरी मुंबईहून थोरले दीर येतात. सगळे त्यांना दादा म्हणतो. गावात राहणारे चुलतसासरे म्हणजे काका. काकांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. किनाऱ्यावरची कितीतरी घरं त्यांनी उभी केली, लोखंडावर सिमेंटचं आवरण किती हवं हे ते बोटाने मोजून सांगतात. दादांची सगळी नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यात, लोखंडाला जस्ताचा मुलामा देण्याच्या कामात गेली. पुतळा का पडला असेल, यावर या दोघांइतकं जाणतं बोलणारी माणसं आमच्या वाडीत दुसरी नव्हती. आरती झाली होती, भजनाला अजून वेळ होता. मी आत काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याला वाटप लावत होते आणि पडवीतलं बोलणं ऐकू येत होतं.

दोघांच्या तोंडून लोखंडाबद्दल एक शब्द निघाला नाही. दादा बोलत होते ती वाक्यं मी आदल्या रात्री एका वाहिनीवर ऐकली होती, जशीच्या तशी. काका त्याला उत्तर देत होते ते दुसऱ्या वाहिनीच्या निवेदकाच्या शब्दांत, तेच आकडे, तीच टोपणनावं, "मग तेव्हा कुठे होतात?" हा तोच सवालही. आवाज चढत गेले. शेवटी दादा म्हणाले, "काका, तुमचा डोक्याच फिरवून टाकल्यानी त्या लोकांनी." काका उठले, टोपी डोक्यावर ठेवली आणि घरी गेले. त्या रात्रीचं भजन काकांच्या पखवाजाविना झालं. वाडीतल्या एका पोराने कशीबशी साथ केली.

त्या रात्रीपासून हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही. दोन माणसांकडे स्वतःच्या हाताने मिळवलेलं ज्ञान होतं. ते त्यांनी बाजूला ठेवलं आणि उसनी वाक्यं घेऊन एकमेकांवर धावून गेले. टीव्हीने आमच्या घरातून सौजन्य नेलं, अशी तक्रार हल्ली खूप जण करतात. मला ती अपुरी वाटते. सौजन्याचं मला फारसं कौतुक नाही. मालवणी मुळात मऊ भाषा नव्हे. आमच्याकडे प्रेमानेसुद्धा शिवी घातली जाते. भांडण आम्हाला नवीन नाही, गावकीच्या बैठकीत देवळाचे कौल आणि मानपान यांवरून पिढ्यान्‌पिढ्या वाद चालत आलेत. गेलं ते वेगळंच काहीतरी, आणि ते काय हे मला डबलबारीकडे बघून उमगतं.

ज्यांनी डबलबारी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. देवळासमोर मांडव, एका बाजूला एक भजनी बुवा आपल्या कोरससह, समोर दुसरे. पेटी, पखवाज, झांज. आधी एकाची बारी होते. रूपाचा अभंग, गजर, गवळण असं करत तो रंग चढवतो आणि मधूनच समोरच्याला डिवचतो, पुराणातला प्रश्न टाकतो, त्याच्या गेल्या वेळच्या चुकीवर बोट ठेवतो. आता बघण्यासारखं असतं ते दुसऱ्या बुवांकडे. ते तोवर गप्प बसलेले असतात. दीड-दोन तास. पुढ्यात वही असते, मधूनच काहीतरी टिपून घेतात. लोक हसत असतात, शिट्या वाजत असतात, स्वतःची खिल्ली उडत असते, तरी ते पेटीला हात लावत नाहीत. कारण बारी त्यांची नसते. मग त्यांची बारी आली की, पहिल्याने जो प्रश्न टाकला त्याचं उत्तर आधी द्यावं लागतं. ते टाळून पुढे गेलात तर मांडवातला शेवटच्या रांगेतला म्हातारासुद्धा ओरडतो, "बुवा, आधी तेच्या प्रश्नाचा काय ता सांगा!" पहाटेपर्यंत असं चालतं आणि कोण जिंकलं हे घरी जाताना लोक ठरवतात. उत्तरेला रत्नागिरीत शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात हेच असतं, शाहिराच्या सवालाला जबाब द्यावाच लागतो. दशावतारात तर संवाद कागदावर लिहिलेलेच नसतात, राम आणि रावण रंगमंचावर उभे राहून एकमेकांचं ऐकतात तेव्हाच पुढचं वाक्य सुचतं. जो ऐकत नाही त्याचं नाटक तिथेच पडतं.

यात गोडीगुलाबी कुठेही नाही. टोमणे आहेत, अपमान आहे. गेल्या काही वर्षांत काही बाऱ्या फारच घसरल्या, वैयक्तिक पातळीवर गेल्या, अशी नाराजी मी जुन्या रसिकांकडून ऐकते आणि मलाही ती पटते. पण नियम अजून शाबूत आहे. समोरच्याची बारी पुरी होऊ द्यायची आणि त्याने विचारलेल्याला उत्तर द्यायचं. टीव्हीच्या चर्चेतून नेमकं हेच काढून टाकलं गेलं. तिथे कुणाचीच बारी नसते, आणि म्हणून उत्तराचं बंधनही कुणावर नसतं.

हे कसं घडतं ते मी एकदा जवळून पाहिलं. लोकसभेच्या गेल्या निवडणुकीआधी एका वृत्तवाहिनीची गाडी आमच्या तालुक्याच्या गावी आली होती, उघड्या मैदानावर जाहीर चर्चा करायला. मी मुद्दाम गेले. एक प्रश्न लिहून नेला होता. सिंधुदुर्गात वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तरी अपघात झाला की किंवा बाळंतपण अडलं की रुग्णाला गाडीत घालून गोव्यात बांबोळीला का पळवावं लागतं? गाडीतला तो वेळ कुणी मोजलाय का? कानाला हेडफोन लावलेला एक मुलगा खुर्च्या लावत होता. त्याने या पक्षाचे डावीकडे, त्या पक्षाचे उजवीकडे आणि "तुम्ही सामान्य नागरिक ना? मग मधे" असं बसवलं. सुरू होण्याआधी त्याने सगळ्यांना सांगितलं की जरा जोरात बोला, मधे मधे बोललात तरी चालेल, जिवंतपणा आला पाहिजे. माइक माझ्याकडे आला, मी प्रश्न विचारला. निवेदकाने तो कुणा उमेदवाराच्या प्रतिनिधीला विचारलाच नाही. डावीकडे वळून म्हणाला, "बघा, तुमच्या काळातलं पाप." डावीकडचे उभे राहिले, मग उजवीकडचे, मग घोषणा. हेडफोनवाल्या मुलाने लांबून अंगठा वर करून दाखवला. वीस मिनिटांत सगळं आटोपलं. रात्री कार्यक्रम दाखवला तेव्हा माझा प्रश्न त्यात नव्हता, घोषणा होत्या. बांबोळीचा रस्ता ज्यांनी रात्री दोन वाजता रुग्ण मांडीवर घेऊन पार केलाय अशी निदान दहा माणसं मधल्या खुर्च्यांवर बसली होती.

त्या मुलाचा मला राग आला नाही. त्याला जे शिकवलं होतं ते तो करत होता. हा धंदा आता असाच बेतलेला आहे. कोकणातून खरी बातमी करायची तर वार्ताहर हवा, गाडी हवी, चार दिवस हवेत, कागद वाचणारं माणूस हवं. जिल्ह्यात जे स्ट्रिंजर काम करतात त्यांना बातमीमागे पैसे मिळतात, चार दिवस एका विषयावर घालवणं त्यांना परवडतच नाही. उलट चार प्रवक्त्यांना घरूनच कॅमेऱ्यासमोर बसवायला जवळपास काहीच खर्च येत नाही. प्रवक्ते फुकट येतात, पक्षच त्यांना पाठवतो. भांडण स्वस्त पडतं म्हणून रोज भांडण.

त्यात मोजमापाचा प्रश्न आहे. कुठली वाहिनी किती बघितली जाते हे ठरवायला देशभरातल्या काही हजार घरांत यंत्रं बसवलेली असतात. २०२० मध्ये अशी घरं सुमारे ४४ हजार होती. एवढ्या मोठ्या देशाची आवड एवढ्या घरांवरून ठरते आणि जाहिरातीचा पैसा तिच्यामागे जातो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये या मोजणीत गडबड केल्याचे आरोप मुंबईत झाले, आणि वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीर करणं थांबवलं गेलं ते मार्च २०२२ पर्यंत. म्हणजे जवळपास दीड वर्ष वाहिन्यांना आकडेच नव्हते. या काळात आवाज खाली यायला हवा होता. तो आला नाही, हे आपण सगळ्यांनी ऐकलं. म्हणून सगळा दोष टीआरपीवर टाकून मोकळं होता येत नाही. वाहिन्यांना तोवर वेगळीच भीती बसली होती. आपल्या ठरलेल्या प्रेक्षकाला न आवडणारं काही बोललो तर तो बटण दाबून निघून जाईल ही ती भीती. शिवाय सरकारी जाहिरात हातची जाईल ही दुसरी.

ही भीती किती खोलवर जाते, याचं उदाहरण अमेरिकेत सापडतं. तिथे १९४९ पासून असा नियम होता की प्रसारणाचा परवाना घेतलेल्याने सार्वजनिक प्रश्नांवर वेगवेगळ्या बाजूंना न्याय द्यावा. १९८७ मध्ये तो रद्द झाला. केबलला तो तसाही नीट लागू नव्हता, तेव्हा सगळं त्यामुळेच झालं असं म्हणणं चूक ठरेल. पण १९९६ मध्ये फॉक्स न्यूज आणि एमएसएनबीसी सुरू झाल्या आणि हळूहळू एक वाहिनी एका पक्षाच्या घराची, दुसरी दुसऱ्याच्या, अशी वाटणी पक्की झाली. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर मतदान यंत्रांत घोटाळा झाल्याचे दावे फॉक्सवर दाखवले गेले. यंत्रं बनवणारी डोमिनियन ही कंपनी कोर्टात गेली. तिथे वाहिनीतल्या लोकांचे आपापसातले निरोप बाहेर आले. पडद्यावर जे चाललं होतं त्यावर त्यांच्यातल्याच अनेकांचा विश्वास नव्हता, पण खरं सांगितलं तर प्रेक्षक दुसरीकडे जातील ही धास्ती होती. एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तो दावा मिटवला. मालक प्रेक्षकाला फसवतो असं आपण समजतो. तिथे दिसलं ते असं की प्रेक्षकाला एकदा ज्याची चटक लावली, ते त्याला देत राहण्यावाचून मालकालाही सुटका उरली नव्हती.

आपल्याकडे दाद मागायची सोय आहे, पण ती फार दुबळी आहे. वाहिन्यांच्याच संघटनेने नेमलेलं एक प्राधिकरण तक्रारी ऐकतं. त्याचा दंड जास्तीत जास्त एक लाख रुपये. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच विचारलं की एवढ्या दंडाने कुणाला काय फरक पडतो. १९९५ साली याच न्यायालयाने ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असा निकाल दिला होता. तो लिहिणाऱ्या न्यायमूर्तींपैकी एक होते आपले पी. बी. सावंत. निवृत्तीनंतर, २००८ मध्ये, एका इंग्रजी वाहिनीने दुसऱ्याच माणसाच्या घोटाळ्याच्या बातमीत सावंतांचा फोटो दाखवला. २०११ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने शंभर कोटींच्या भरपाईचा निकाल दिला. एक लाख आणि शंभर कोटी या दोन टोकांच्या मधे कुठेतरी, सामान्य माणसाच्या आवाक्यातली अशी दाद मागण्याची जागा असायला हवी. ती सरकारच्या हातात असू नये असं मला ठामपणे वाटतं. आजचं सरकार असो की उद्याचं, ते आधी आपल्यावर टीका करणाऱ्याचाच गळा धरेल.

या सगळ्यात आमचे प्रश्न कुठे जातात ते राजापुरात दिसलं. वर्षाला सहा कोटी टन तेल शुद्ध करणारा कारखाना आधी नाणारला होणार होता, २०१९ मध्ये तो तिथून गेला, मग बारसू-सोलगावचं नाव आलं. एप्रिल २०२३ च्या अखेरीस बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, माती परीक्षण सुरू झालं, बायका रस्त्यात आडव्या पडल्या, अश्रुधूर सोडला गेला. मला स्वतःला हा कारखाना तिथे नको वाटतो. पण हवा म्हणणाऱ्यांचीही बाजू आहे. वाड्यांना कुलपं लागलीत, पोरं दहावी-बारावी झाली की मुंबईची गाडी धरतात, आंबा-काजूवर सगळ्यांचं भागत नाही, हे खरंच आहे. यावर बोलायला किती होतं! पाणी कुठून आणणार, मळी कुठे सोडणार, समुद्राचं तापमान, हापूसचा मोहर, सड्यावरची कातळशिल्पं, किती नोकऱ्या आणि कुणाला. स्टुडिओत मात्र एका बाजूचे विकासद्रोही ठरले आणि दुसऱ्या बाजूचे दलाल. आणि जो इथे राहून, गावोगाव फिरून या जमिनींबद्दल लिहीत होता, त्या स्थानिक पत्रकाराला त्याच वर्षी फेब्रुवारीत राजापूरच्या हद्दीत गाडीने उडवलं. दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला, खुनाचा गुन्हा नोंदला गेला. चार चौकटींत बसणाऱ्या कुणाला असला धोका पत्करावा लागत नाही. मातीवर उभं राहून लिहिणाऱ्याच्या वाट्याला तो येतो, आणि त्याच्या बातमीला मोल सगळ्यात कमी.

पूर्वी सगळं छान होतं असं मी म्हणणार नाही. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र काढणारे बाळशास्त्री जांभेकर आमच्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, दर ६ जानेवारीला त्यांचं नाव घेतलं जातं. १८३२ साली त्यांनी 'दर्पण' काढलं ते मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी छापून, राज्य करणारा आणि रयत दोघांनाही वाचता यावं म्हणून. पण त्यानंतरच्या पिढीत भांडणं काय कमी झाली? रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांचं आणि आगरकरांचं एकाच 'केसरी'त पटेना, १८८८ मध्ये आगरकरांनी 'सुधारक' काढला. पुण्यात जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली गेली. तेव्हाची वर्तमानपत्रंही उघड उघड एका बाजूची होती. फरक एवढाच की अग्रलेखाला अग्रलेखाने उत्तर द्यावं लागे. समोरच्याने काय लिहिलं ते आधी उतरवून मग खोडावं लागे, आणि वाचकाला दोन्ही पुढ्यात ठेवून बघता येत असे. पक्षपाती असणं आणि उत्तर न देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीशी माझं भांडण नाही.

आमच्या सासूबाई नाथ पैंच्या सभांच्या आठवणी सांगत. नाथ पै वेंगुर्ल्याचे, १९५७ पासून राजापूर मतदारसंघाचे खासदार. त्यांच्यामागून मधु दंडवते. १९९१ पर्यंत या मतदारसंघाने सलग समाजवादी माणूस दिल्लीला पाठवला. मनीऑर्डरवर जगणारा, मैलोन्‌मैल चालत सभेला येणारा हा भाग. सासूबाई चौथी शिकलेल्या. त्या म्हणायच्या, "तो विरोधकाचा म्हणणा आधी आमकां समजावन सांगी, मगे आपला." संसदेत काय झालं ते मला पुस्तकांतून कळतं, पण माझ्या लेखी सासूबाईंचं हे वाक्य कुठल्याही चरित्रापेक्षा मोलाचं आहे. चौथी शिकलेल्या बाईला दोन्ही बाजू समजतील यावर त्या वक्त्याचा विश्वास होता. आजचा निवेदक पदवीधर प्रेक्षकावरही तेवढा विश्वास टाकत नाही.

लोकांनाच हे आवडतं म्हणून दाखवतो, असं वाहिन्या म्हणतात. मला हे उत्तर लोकांचा अपमान वाटतं. तेच लोक डबलबारीला थंडीत पहाटेपर्यंत मांडी घालून बसतात, तीन-तीन तासांचं आख्यान ऐकतात. त्यांना सामना आवडतो, हे खरं. सामना म्हणून त्यांच्यापुढे काय ठेवलं जातं, हा प्रश्न आहे.

मग करायचं काय? माझ्या अपेक्षा मोठ्या नाहीत. चर्चेत ज्याची पाळी त्याचाच माइक चालू राहावा. तांत्रिकदृष्ट्या हे एका बटणाचं काम आहे, ते आजही निवेदकाला नको असलेल्याचा आवाज बंद करायला वापरलं जातंच. ज्या विषयावर चर्चा, त्याचा मूळ कागद, आदेश किंवा अहवाल आधी पडद्यावर यावा. पुतळ्याच्या वेळी ते २० ऑगस्टचं पत्र एकदा तरी ओळीने वाचून दाखवलं असतं तर! प्रवक्त्यांऐवजी त्या कामातली माणसं बोलवावीत, काकांसारखी, दादांसारखी. आणि पक्षांनी ठरवावं की जिथे बोलू दिलं जात नाही तिथे माणूस पाठवायचा नाही. आज प्रवक्तेही ओरडण्यावरच मोठे होतात, म्हणून हे सगळ्यात अवघड आहे, आणि म्हणूनच मतदारांनी आपल्या नेत्यांकडे ते मागायला हवं. ग्रामसभेत आम्ही अजून एकमेकांच्या तोंडावर बोलतो. तिथे खोटं बोललं तर दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर भेट होते. ती सभा कोरमअभावी तहकूब होऊ देणारे आम्हीच घरी येऊन टीव्हीसमोर बसतो, हेही कबूल करायला हवं.

मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. दर वर्षी आमच्याकडे वादविवाद स्पर्धा असते. तीन वर्षांपूर्वी नववीतला एक हुशार मुलगा समोरच्या मुलीचं बोलणं चालू असतानाच उठला, तिच्याकडे बोट करून "उत्तर द्या, उत्तर द्या" असं तीनदा ओरडला आणि मग तिच्याकडे पाठ करून प्रेक्षकांकडे बघत हात पसरून उभा राहिला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. परीक्षकांनी त्याला पहिला नंबर दिला, त्यांत मीही होते. त्याने तिच्या एकाही मुद्द्याला हात घातला नव्हता, हे मला घरी आल्यावर गुणपत्रिका बघताना कळलं.

यंदा मी नियम बदलून घेतला. बोलायला उभं राहणाऱ्याने आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं. ते बरोबर सांगितलं असं समोरच्याने मान्य केलं तरच पुढे बोलायचं, नाहीतर पुन्हा सांगायचं. विषय पोरांनीच निवडला, एलईडी दिवे लावून आणि माशांचा थवाच्या थवा वेढणाऱ्या पर्ससीन जाळ्यांनी होणारी मासेमारी. केंद्राने २०१७ मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी घातली, तरी रात्री समुद्रात दिवे दिसतात, आणि बंदरावर यावरून हाणामाऱ्या होतात. बंदी कडक करा या बाजूने उभी राहिली ती रापणकरांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांच्या, घरातली मुलगी. तिच्या आजोबांच्या रापणीला गेल्या हंगामात कितीतरी दिवस मासळीच लागली नव्हती. तिच्यासमोर होता तो पर्ससीनवाल्यांच्या घरातला मुलगा.

ती उभी राहिली आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "ह्यांचं म्हणणं असं आहे की बोटीवर बँकेचं कर्ज आहे. वीस-पंचवीस खलाशांचे पगार आहेत. परराज्यातले मोठे ट्रॉलर इथे येऊन सगळी मासळी ओढून नेतात, त्यांना कोण अडवत नाही, आणि आम्ही इथले म्हणून आम्हालाच पकडतात."

मी त्या मुलाला विचारलं, बरोबर सांगितलं का तिने?

तो खाली बघत होता. म्हणाला, "हो बाई. पण एक राहिलं. एलईडीवाले आम्ही नाय. ते वेगळे. ते आमची पण मासळी नेतात."

मुलीने आपल्या कागदावरची एक ओळ खोडली आणि बोलायला सुरुवात केली.